मक्यातलं अफ्लाटॉक्सिन: बिटी खुडल्यापासून गोणी शिवेपर्यंत

येवला, चांदवड, मालेगाव पट्ट्यात खरिपाचा मका काढणीला येतो तो ऐन परतीच्या पावसाच्या तोंडावर. बिट्या (कणसं) खुडायच्या, ढीग मारायचा, वर ताडपत्री टाकायची आणि थ्रेशरची पाळी येईपर्यंत थांबायचं, हा नेहमीचा क्रम. अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे मक्यावरची बुरशी दाण्यात सोडते त्या विषाचं, बरंचसं नुकसान त्या थांबण्यातच होतं. ओल्या बिट्यांच्या झाकलेल्या ढिगात दोन दिवसांनी कोपरापर्यंत हात घालून पाहा, आत कोमट लागेल. दाणा आणि बुरशी दोघंही श्वास घेतात, त्यातून ऊब आणि पाणी सुटतं, आणि त्या पाण्यावर बुरशी आणखी फोफावते. काढणीनंतरच्या पहिल्या ४८ तासांत बिटीला वारा लागला पाहिजे. बाकीची सगळी कामं त्यानंतरची.

बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती मातीत, जुन्या धसकटांत कायम असते आणि २५ ते ३५ अंश तापमान तिला मानवतं. बिटीवर ती हिरवट-पिवळ्या भुकटीसारखी दिसते, बहुधा शेंड्याकडे किंवा अळीने पोखरलेल्या जागी. पांढरी-गुलाबी कापसासारखी वाढ असेल तर ती फ्युजॅरियम. तिचं विष वेगळं, फ्युमोनिसिन. १९९५ मध्ये पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरच्या २७ गावांत लोकांना पोटदुखी आणि जुलाबांचा त्रास झाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या रमेश भट आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध याच विषाशी जोडला.

अफ्लाटॉक्सिनला रंग नाही, वास नाही, चव नाही. बुरशी पुसली, धुतली, उन्हात मेली तरी तिने दाण्यात सोडलेलं विष तिथेच राहतं. भाकरी भाजूनही ते जात नाही. ते मोडायला २३० अंशांच्या पुढचं तापमान लागतं आणि भाकरीचा आतला भाग १०० अंशांच्या आसपासच राहतो. यकृताचा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना आहे, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला धोका कितीतरी पटींनी जास्त. भारतात धान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ पीपीबी. सोप्या हिशेबात, एका टनात १५ मिलिग्रॅम.

शेतात असताना

दाणा भरण्याच्या वेळी ताण आणि उष्णता एकत्र आली की बुरशी उभ्या पिकातच शिरते. विहिरीत एकच पाणी शिल्लक असेल तर ते तुरा पडल्यापासून दाणा चिकात येईपर्यंतच्या काळात द्या. लष्करी अळीने बिटीचं टोक खाल्लं की तिथे दार उघडतं, म्हणून पोंग्यातली अळी वेळीच आवरा. मका शेतातच वाळू द्यावा, मजुरी वाचते, असं म्हणणारे बरेच आहेत. ऑक्टोबर कोरडा गेला तर ते चालतं, पण पावसाचा अंदाज असेल तर नाही. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. ओलावा २५ टक्क्यांच्या खाली येऊ लागला की बिट्या खुडायला हरकत नाही.

खुडतानाच तीन ढीग करा. चांगल्या बिट्या एकीकडे. टोक खराब असलेल्या दुसरीकडे, त्यांचं टोक बुरशीच्या पुढे दोन बोटं जास्त धरून मोडून टाका. जमिनीला टेकलेल्या, आडव्या पडलेल्या ताटांच्या बिट्या तिसरीकडे. हा तिसरा ढीग पहिल्यात कधीही टाकू नका. कारण पुढे नमुन्याच्या हिशेबात येईल. तोंडाला फडकं किंवा मास्क हवाच, हिरवी भुकटी छातीत जाते.

वाळवण

उन्हाळ कांदा विकून चाळ रिकामी झाली असेल तर बिट्यांसाठी तिच्यासारखी जागा नाही. खालून आणि बाजूंनी वारा, वर छप्पर. आधी सडलेला कांदा, पात, जुना पाचोळा झाडून काढा. पाला सोललेल्या बिट्या दोन ते अडीच फुटांपेक्षा उंच भरू नका. चाळ ४ फुटांपेक्षा रुंद असेल तर मध्ये तुऱ्हाट्यांचा किंवा जाळीचा पोकळ कप्पा सोडा, नाहीतर मधल्या बिट्यांना वारा पोचत नाही आणि बुरशी नेमकी तिथेच सुरू होते. तिसऱ्या दिवशी मधली बिटी काढून हाताला कशी लागते ते बघा.

मळणीची घाई नको. दाण्यात २० टक्क्यांहून जास्त ओलावा असताना थ्रेशरला घातला की दाणे चिरतात, टरफल सुटतं, आणि चिरलेला दाणा बुरशीला आयता मिळतो. १६ ते १८ टक्क्यांवर मळणी स्वच्छ होते. थ्रेशरचे फेरे गरजेपेक्षा वाढवू नका.

मळलेला मका ताडपत्रीवर २ इंच थरात पसरा. २० बाय ३० फुटांच्या ताडपत्रीवर या जाडीत साधारण २० क्विंटल मावतो. त्यावर ३० क्विंटल टाकला तर खालचा थर वाळत नाही, नुसता तापतो. दर तासाला दाताळ्याने पालथा घाला. संध्याकाळी मका गार झाल्यावरच गोळा करून झाका. गरम मका झाकला की ताडपत्रीच्या आतून थेंब धरतात आणि दिवसभराची मेहनत वरच्या थरात परत ओली होते. सकाळी दव सुकल्याशिवाय उघडू नका. उघड्या मातीवर वाळवणं म्हणजे बुरशीच्या घरात नेऊन ठेवणं.

किती वाळवायचा? बाजारात दर्जाच्या निकषात १४ टक्के ओलावा धरतात. ती विक्रीची मर्यादा आहे. दोन महिने घरात ठेवायचा असेल तर १२ टक्के लागतो. २० टक्क्यांचा १०० किलो मका १२ टक्क्यांवर आणला की ९१ किलो भरतो. वजनातली ही ९ किलोंची घट सगळ्यांनाच खुपते आणि म्हणूनच मका अर्धवट वाळवून विकला जातो. खुपणं समजण्यासारखं आहे, पण ते गेलेलं पाणी आहे.

मॉइश्चर मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा. काचेची कोरडी बाटली घ्या. मूठभर मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. बाटली एक तृतीयांश मक्याने भरा, त्यात दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि १० मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. खाली बसलं तर १५ च्या आत. १३ आहे की १२ हे या चाचणीतून कळत नाही, म्हणून मीठ चिकटायचं थांबल्यावर आणखी दोन कडक उन्हं द्या. मीठ दमट असेल तर चाचणी फसते. चुकतं ते बहुतेक इथेच.

साठवण

मळलेला मका आधी चाळून घ्या. तुकडे, भुसा आणि हलके दाणे यांतच विषाचा वाटा जास्त असतो. चाळणीखालचा माल जनावरांना घालायची सवय आहे, ती मोडा. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून एक फूट सोडून लावा. डिसेंबरात निफाडकडे रात्री कडाक्याच्या थंड होतात, दिवसा ऊन असतं. या चढउतारात ढिगाच्या पोटातली गरम हवा वर येते आणि थंड पृष्ठभागाखाली तिचं पाणी होतं. पत्र्याच्या कोठीला याच कारणाने आतून घाम येतो. म्हणून पंधरा दिवसांनी वरच्या वीतभर थरात हात घाला. गठ्ठे लागत असतील तर लगेच उपसून वाळवा. हवाबंद पिशव्या उत्तम, पण १२-१३ टक्क्यांच्या मक्यासाठीच. गॅसच्या गोळ्यांनी किडे मरतात, विष कमी होत नाही.

१९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत हेच घडलं होतं. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस, ओला मका घरात, आणि तोच रोजचं अन्न. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. कावीळ होऊन पोटात पाणी भरायचं, आणि त्याच घरांतली भाकरी खाणारी कुत्रीही तशीच मेली. अफ्लाटॉक्सिन माहीत होऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरशीयुक्त पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, त्या तपासातून हे विष सापडलं.

नमुना आणि तपासणी

अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि एखादा दाणा ठासून भरलेला. मक्याच्या एका दाण्यात ४,००,००० पीपीबीपर्यंत विष आढळलेलं आहे. असा ०.३ ग्रॅमचा दाणा म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. तो ५ किलो स्वच्छ मक्यात पडला तरी सरासरी २४ पीपीबी होते, मर्यादेच्या वर. आडव्या पडलेल्या बिट्या चांगल्या ढिगात टाकू नका म्हटलं ते यासाठी. आणि एका गोणीतून ओंजळभर काढून दिलेला अहवाल का फसवतो तेही यावरूनच कळतं. अमेरिकेतल्या थॉमस व्हिटेकर यांनी नमुन्यातल्या चुकांवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आकडेमोडीतून पुन्हा पुन्हा दिसलं की खरी चूक प्रयोगशाळेत कमी आणि नमुना काढताना जास्त होते.

म्हणून पारखीने (गोणीत खुपसून दाणे काढायच्या टोकदार नळीने) गोण्यांच्या वर, मध्ये, खाली खुपसून थोडंथोडं मिळून किमान ५ किलो काढा. सगळाच्या सगळा दळा, बारीक रव्याइतका. नीट मिसळा, मगच त्यातलं पाव-अर्धा किलो कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा. प्लॅस्टिकमध्ये ओलसर पीठ वाटेतच बुरशी धरतं. दळायच्या आधी वाटणी केली तर तो एक दाणा कुठल्या वाट्यात गेला हे नशिबावर राहतं.

पट्टी-चाचणी काही मिनिटांत उत्तर देते आणि पहिल्या छाननीसाठी पुरते. एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं वापरून विष मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी, त्याहून नेमकी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने ती स्वस्तात करण्याची पद्धत विकसित केली. निर्यातीच्या वादात मात्र एचपीएलसीसारख्या, विष वेगळं काढून मोजणाऱ्या यंत्राचा अहवालच लागतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली भरडलेला मका हिरवट-पिवळा चमकतो, ही युक्ती काहीजण वापरतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसून बुरशीच्या कोजिक आम्लापासून झालेल्या पदार्थाची असते. चमकला तर संशय धरा. नाही चमकला म्हणून निर्धास्त होऊ नका, साठवणीत ती चमक विझते.

खराब निघालेल्या मालाचं काय

दुभत्या जनावराला देऊ नका. खाल्लेल्या बी१ (अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार) मधला साधारण १ ते ३ टक्के भाग जनावराच्या शरीरात एम१ हा दुसरा प्रकार होऊन दुधात उतरतो, तोही दिवसभराच्या आत, आणि दूध तापवूनही जात नाही. दुधाची मर्यादा ०.५ पीपीबी इतकी कडक आहे. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध बहुतेक स्वच्छ होतं. हीच काळजी भुईमुगाच्या पेंडीची. घाण्याचं तेल गाळून घेतलं तरी थोडं विष तेलात उतरतं, बाकीचं पेंडीत राहतं. म्हणून घाण्यावर शेंगदाणे नेण्याआधी सुरकुतलेले, काळवंडलेले आणि खवट दाणे निवडून फेका. निवडून काढलेले दाणे कोंबड्यांनाही टाकू नका. कोंबडीखाद्यात बेंटोनाइट माती टनाला ५ किलो घालतात. ती अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरते, पण फ्युजॅरियमच्या विषांवर तिचा फारसा उपयोग नाही. उघड खराब मका गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुरा. शेणखताच्या उकिरड्यात टाकला तर बुरशी खताबरोबर पुढच्या हंगामाच्या शेतात जाते.