माजी सैनिकांना घर मिळवून देताना या चुका टाळा

अमेरिकेत दर वर्षी जानेवारीत एका रात्री बेघरांची मोजणी होते. २०१० मध्ये त्या रात्री सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर आढळले होते. २०२४ मध्ये ते ३२,८८२ होते, आणि तेही देशातल्या एकूण बेघरांची संख्या वाढत असताना. याचं मोठं श्रेय हड-व्हॅश या योजनेला जातं. भाड्याचं व्हाउचर गृहनिर्माण खातं देतं आणि सोबतीला केस मॅनेजर, म्हणजे भाडेकरूच्या पाठीशी राहणारा मदतनीस, देतं माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, बाकीचं व्हाउचरमधून जातं.

उपाय सापडलेला आहे. तरीही व्हाउचर खिशात असलेली माणसं गाडीत झोपतात, याची मला खरी चीड येते, कारण त्यातल्या बऱ्याच अडचणी टाळता येतात. तुम्ही तिथे एखाद्या संस्थेत स्वयंसेवक असाल किंवा तुमचा फ्लॅट भाड्याने देत असाल, तर पुढचं वाचाच.

‘आधी दारू सोड, मग घर’

ही अट सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत महागात पडणारी. रस्त्यावर झोपणाऱ्याने औषधं कुठे ठेवायची? डॉक्टरांची वेळ कशी पाळायची? १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला: आधी घर, मग उपचार, तेही सक्तीचे नाहीत. ह्यूस्टनने हीच वाट धरली, शहरातल्या सगळ्या संस्थांसाठी बेघरांची एकच सामाईक यादी केली आणि २०१५ मध्ये माजी सैनिकांचं बेघरपण व्यवहारतः संपल्याचं जाहीर केलं. कुणीच पुन्हा बेघर होणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. झालाच, तर त्याला लगेच घरात नेणारी व्यवस्था उभी आहे, एवढा होता.

अपंगत्वाच्या भरपाईकडे दुर्लक्ष

यावर मुद्दाम थांबतो. सेवेत आलेल्या अपंगत्वाबद्दल व्हीए दरमहा भरपाई देतं. १०० टक्के अपंगत्व असलेल्या एकट्या माणसाला २०२४ मध्ये महिन्याला ३,७०० डॉलरच्या वर मिळत होते. ही रक्कम उत्पन्न धरली जाई. अनेक परवडणाऱ्या इमारतींमधली घरं मात्र त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी राखीव असतात. परिणाम असा की ज्याचं शरीर सर्वांत जास्त मोडलं, तोच ‘श्रीमंत’ ठरून दारातून परत जाई. लॉस एंजेलिसमध्ये खास माजी सैनिकांसाठी उभारलेल्या घरांबाबतही हीच तक्रार कोर्टात गेली.

ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलला. हड-व्हॅशची पात्रता ठरवताना ही भरपाई आता मोजत नाहीत. म्हणून पूर्वी ‘उत्पन्न जास्त’ म्हणून नकार मिळालेल्या प्रत्येकाला पुन्हा अर्ज करायला लावा. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवा. भाड्याचा वाटा काढताना ती रक्कम धरली जाते. आणि इमारतीला इतर निधी मिळाला असेल तर त्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या लेखी मागून घ्या.

व्हाउचर म्हणजे घर नव्हे

घर शोधायला सुरुवातीला किमान १२० दिवस मिळतात. ते भराभर जातात. व्हाउचर नाकारण्यास देशभर लागू असलेली बंदी नाही. कॅलिफोर्नियात मात्र २०२० पासून केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारता येत नाही. बऱ्याच घरमालकांना खरी भीती असते ती व्हाउचरसाठी घराची तपासणी होईपर्यंत फ्लॅट रिकामा राहण्याची. तेव्हा तपासणीची तारीख आधीच ठरवा आणि काही बिघडलं तर थेट फोन करता येईल असा एक माणूस मालकाला द्या.

डिपॉझिट व्हाउचरमधून निघत नाही. त्यासाठी व्हीएच्याच एसएसव्हीएफ या कार्यक्रमाकडे जावं लागतं, आणि तो अर्ज घर पसंत पडल्यावर नव्हे, शोध सुरू होतानाच करायचा. किल्ली देताना गादी, चादर, एक पातेलं आणि बल्ब घरात असले पाहिजेत. रिकाम्या फरशीवर एकटा पडलेला माणूस आठवड्याभरात ओळखीच्या पुलाखाली परत जाऊ शकतो, कारण तिथे निदान सोबती असतात.

‘डिस्चार्ज खराब आहे, काही मिळणार नाही’

सैन्यातून सन्मानाने सुटका (डिस्चार्ज) न झालेल्यांपैकीही अनेकांना आता हड-व्हॅश मिळू शकतं. डीडी-२१४ हा सुटकेचा कागद हरवला असेल तर त्याची प्रत मागवता येते. कागद नाही म्हणून कुणालाही टेबलावरून उठवू नका.

फक्त नव्या बांधकामाची वाट पाहणं

पश्चिम लॉस एंजेलिसमधली व्हीएची ३८८ एकर जमीन १८८८ मध्ये सैनिकांच्या वसतीसाठीच दान मिळाली होती. तिच्या वापरावरून २०११ चा खटला, २०१५ ची तडजोड, १,२०० घरांचं आश्वासन आणि २०२४ मध्ये आणखी १,८०० घरांचा न्यायालयीन आदेश, इतका हा प्रवास लांबला. नवी घरं हवीतच, पण आज रात्रीची सोय आधीच उभ्या असलेल्या इमारतींमध्येच शोधावी लागते.

शेवटची चूक ताबा मिळाल्यावर होते. उत्पन्नाची फेरतपासणी ठरावीक काळाने होते आणि तिचं पत्र टपालाने येतं. ज्याला पाकिटं उघडायचीच धास्ती वाटते, त्याचं व्हाउचर अशा एका न उघडलेल्या पत्रापायी जाऊ शकतं. ती तारीख केस मॅनेजरच्या आणि तुमच्याही कॅलेंडरवर लिहा. घर जाण्याची चिन्हं दिसताच १-८७७-४२४-३८३८ या व्हीएच्या मोफत, चोवीस तास चालू असलेल्या क्रमांकावर फोन करा. त्यासाठी आधी बेघर व्हावं लागत नाही.