सही कुणाची? स्पेनमध्ये आर्किटेक्टचं काम शोधताना

पुण्यात बी.आर्क. केलं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाली, चार वर्षं साइटवर काढली. तरीही वॅलेन्सियात पहिली तीन वर्षं मला माझ्या नावाआधी 'आर्किटेक्ट' लिहिता येत नव्हतं. तिथे 'आर्कितेक्तो' ही कायद्यानं राखलेली पदवी आहे. स्पेनच्या सरकारनं तुमची पदवी मान्य केलेली नसताना हा व्यवसाय केलात, तर दंडसंहितेचं ४०३ वं कलम लागू शकतं. हे मला विमानात बसण्याआधी कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पोर्टफोलिओ कसा करावा, रेव्हिट (नकाशांचं सॉफ्टवेअर) किती यायला हवं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी फसले ती जागा वेगळी आहे, तेवढी नीट समजून घ्या.

पदवी मान्य करून घेण्याचे दोन अर्ज असतात. एक 'ओमोलोगासियोन', दुसरा 'एकिवालेन्सिया'. पुण्यातल्या एजंटानं मला सांगितलं, "मॅडम, दोन्ही एकच. दुसरं लवकर होतं." मी दुसरं केलं. अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), शपथबद्ध भाषांतरकाराकडून सगळ्या गुणपत्रिकांचं भाषांतर, फी, आणि अकरा महिने वाट पाहणं. कागद आला त्या दिवशी मी आईला फोन करून रडले होते. तो घेऊन आर्किटेक्टांच्या 'कोलेखिओ'त, म्हणजे तिथल्या व्यावसायिक मंडळात गेले. खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुमच्या शिक्षणाची पातळी सांगतं. व्यवसायाचा अधिकार देत नाही."

फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. एकिवालेन्सिया सांगतं की तुम्ही पदवीधर आहात. पीएच.डी.ला किंवा पदवीची अट असलेल्या एखाद्या नोकरीला त्याचा उपयोग होतो. ओमोलोगासियोन सांगतं की तुम्ही स्पेनमधले आर्किटेक्ट आहात. सही करायची असेल तर हेच लागतं, दुसरं काही चालत नाही. २०२२ पासून हे सगळं रियाल देक्रेतो ८८९/२०२२ या नियमावलीखाली चालतं. तिच्यात निकालासाठी ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे, पण त्या हिशेबानं घरभाड्याचे पैसे बाजूला काढू नका. निकाल सरळ 'हो' असाही येईलच असं नाही. बऱ्याचदा 'हो, पण' असतो: आधी परीक्षा द्या, किंवा प्रकल्प करा, किंवा ठरावीक विषय पूर्ण करा. त्यानं खचू नका. ते दार उघडं असल्याचं लक्षण आहे.

सहीचं एवढं काय, असं मलाही वाटायचं. इमारतीच्या 'प्रोयेक्तो दे एखेकुसियोन'वर, म्हणजे बांधकामाच्या पूर्ण नकाशांवर आणि तपशिलांवर, कोलेखिओचा शिक्का लागतो, त्याला 'विसादो' म्हणतात. सही करणाऱ्यावर १९९९ च्या बांधकाम कायद्यानं जबाबदारी येते: इमारतीच्या सांगाड्यातल्या दोषांसाठी १० वर्षं, राहण्यायोग्यतेच्या दोषांसाठी ३ वर्षं. म्हणून ऑफिसात सही करणारा आणि न करणारा यांचे पगार, शब्दाचं वजन, साइटवर मिळणारा मान, सगळंच वेगळं असतं. मी तीन वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली माझे नकाशे जाताना पाहिले.

हीच गफलत मास्टर्सच्या बाबतीतही होते. पॅरामेट्रिक डिझाइन, शहररचना अशा नावांचे महागडे अभ्यासक्रम आहेत, त्यांतले काही विद्यापीठाची स्वतःची पदवी असतात, सरकारी नसतात. त्यांतून सहीचा हक्क मिळत नाही. तो देणारा 'मास्तेर आबिलितान्ते' निराळा: तिथली मुलं पाच वर्षांची पदवी करून मग तो एका वर्षाचा करतात. परदेशी पदवीवर तुम्हाला त्यात प्रवेश मिळाला, तर त्याचा शेवट सहीत होतो का, हे फी भरण्याआधी कोलेखिओकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

आता थोडा धीर. ओमोलोगासियोन नसतानाही काम मिळतं. स्टुडिओत 'देलिनेआन्ते', म्हणजे ड्राफ्ट्समन, म्हणून किंवा बीआयएम मॉडेलर, म्हणजे संगणकावर इमारतीचं त्रिमित मॉडेल करणारा, म्हणून लोक घेतात. फक्त एक पाहा: दहा ते सात तिथेच बसवून पगाराऐवजी तुमच्याकडून दरमहा बिल मागत असतील, तर त्याला 'फाल्सो आउतोनोमो', म्हणजे खोटा स्वयंरोजगार, म्हणतात. नोकरी त्यांची आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता तुमच्या खिशातून. राहण्याच्या परवान्यात नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय वेगळे धरतात, त्यामुळे आपल्याला हा धोका तिथल्या मुलांपेक्षा जास्त. माझा पहिला स्टुडिओ असाच होता. नाव मोठं होतं, म्हणून मी गप्प राहिले. राहायला नको होतं.

मोठ्या नावांमागे धावण्याबद्दल माझं मत कडक आहे. प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळालेल्या ऑफिसांना शंभर मेल पाठवण्यापेक्षा दोन-तीन माणसांचं, गावातल्या घरांची दुरुस्ती करणारं ऑफिस शोधा. मला घडवलं ते एका साठीच्या 'आपारेहादोर'नं. हा तिथला वेगळा व्यवसाय आहे, बांधकाम प्रत्यक्ष नीट होतंय का ते तो पाहतो. स्लॅबला तिथे 'फोर्खादो' म्हणतात, हे मला भाषा शिकवणाऱ्या कुठल्याही ॲपनं शिकवलं नव्हतं. त्यानं मला स्लॅबखाली उभं करून बोटानं दाखवलं. ॲपवर कॉफी मागायला शिकता येतं, साइटवर भांडायला नाही. त्यापेक्षा तिथला 'कोदिगो तेक्निको', म्हणजे बांधकामाची तांत्रिक नियमावली, वाचा. तो २००६ चा आहे, फुकट मिळतो, आणि आगीच्या सुरक्षेचा भाग एवढा रोजच्या कामाचा आहे की भाषा आणि नियम दोन्ही एकदम बसतात.

मेक्सिको, कोलंबिया, चिलीकडे जाणाऱ्यांनी स्पेनचा कागद तिथे चालेल असं धरू नये. मेक्सिकोत 'सेदुला प्रोफेसियोनाल', म्हणजे व्यवसायाचा परवाना, लागते, कोलंबियात वास्तुरचनेच्या राष्ट्रीय मंडळाची 'मात्रिकुला', म्हणजे नोंदणी. शब्दही बदलतात. कोलंबियात 'प्रिमेर पिसो' म्हणजे तळमजला, स्पेनमध्ये त्याच्या वरचा. बोगोताच्या एका प्रकल्पात मी जिन्याच्या सगळ्या पातळ्या एका मजल्यानं चुकवल्या होत्या.

आणि निघण्याआधी कॉलेजातून एक गोष्ट घ्याच: प्रत्येक विषयाचे तास लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र. आपल्या गुणपत्रिकेवर तास नसतात आणि ओमोलोगासियोनच्या फाइलीत तेच विचारतात. मी ते वॅलेन्सियात बसून मागवलं. दर सोमवारी फोन केला, भावाला दोनदा कॉलेजात पाठवलं, आणि पत्र हातात यायला पाच महिने लागले. तुम्ही गावात असताना ते काम एका आठवड्याचं आहे.