गाडीच्या रंगासाठी वॉश मिट: कच कुठे जाते ते पाहून निवडा

काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात तिरकी बघितली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते गोल दिसतात, म्हणून हात गोल फिरवल्यामुळेच पडले असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात; त्यातले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळ दिसतं. बहुतेक ओरखडे गाडी धुताना आणि पुसताना पडतात. स्वच्छ, ओला मिट, म्हणजे गाडी धुताना हातात घालायचा मऊ धाग्यांचा मोजा, सहसा रंगाला काही करत नाही. धाग्यात अडकलेली कच मात्र करते. रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन एवढाच असतो. पॉलिश करून ओरखडे काढता येतात, पण दर वेळी त्या थरातूनच थोडं खरवडलं जातं. त्यामुळे हा उपाय हवा तितक्या वेळा करता येत नाही.

म्हणून दुकानात मिट गालाला लावून मऊ आहे का बघण्यात फारसा अर्थ नाही. मऊ तर सगळेच लागतात. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: रंगावरून उचललेली कच आत शिरायला धाग्यांत जागा आहे का? आणि बादलीत बुडवून पिळल्यावर ती सुटते का? पहिल्या प्रश्नात नापास होतो स्पंज, दुसऱ्यात अनेक महागडे मिट.

साधा पिवळा स्पंज सपाट असतो. कण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये सापडला की त्याला जायला वाट नसते. स्पंज त्याला दाबून पुढे ढकलत राहतो. जुन्या बनियनचा किंवा साडीचा फडकाही तसाच. कापड कितीही मऊ असलं तरी त्याला उंची नाही. खोल चिरा पाडलेले खास स्पंज निघाले आहेत, ते वेगळे. पण ते विनाधुणीच्या द्रावणासाठी (जे लावून नुसतं पुसायचं, नंतर पाणी मारावं लागत नाही) बनवलेले असतात, धुळीने माखलेल्या गाडीसाठी नाहीत.

जाड शेवयांसारखे झुपके असलेला शनील मिट आपल्याकडे सर्वात सहज मिळतो. पाणी आणि फेस भरपूर धरतो, बंपरच्या खाचाखोचांत नीट जातो. त्याची अडचण अशी की कच झुपक्यांच्या मुळाशी जाऊन बसते आणि नुसत्या बुडवण्याने निघत नाही. तिथे बोटं घालून झुपके वेगळे करावे लागतात. स्वस्त मिटमध्ये झुपके विरळ असतात, मधलं कापड उघडं पडतं आणि तेच रंगावर घासतं. झुपके बाजूला सारून पाहा: खालचं कापड सहज दिसत असेल तर तो मिट चाकांसाठी घ्या, रंगासाठी नको.

लांब, मोकळ्या केसांचा मायक्रोफायबर मिट, ज्याला कृत्रिम लोकर म्हणून विकतात, हा बहुतेकांसाठी सर्वात योग्य. केस २ ते ३ सेंटिमीटर लांब असले की कण आत जातो आणि पाण्यात हलवल्यावर बाहेरही पडतो. पटकन वाळतो, मशीनमध्ये धुता येतो.

खरी मेंढीची लोकर रंगावर सगळ्यात हळुवार चालते. गडद आणि मऊ रंगाच्या गाडीवर तिला तोड नाही. पण जपावी फार लागते. गरम पाणी चालत नाही, कपड्यांची पावडर चालत नाही. कातड्यासकट असलेला मिट उन्हात वाळवला की कातडं ताठ होऊन तडकतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, तो दोन-तीन दिवस ओला राहिला की कुबट वास येतो. सुरुवातीला केसही गळतात. वाळवायला हवेशीर सावली नसेल तर लोकरीच्या फंदात पडू नका.

मिट घ्यावा की पॅड, म्हणजे हात आत न घालता वरून धरायची तशाच धाग्यांची गादी? मिटमध्ये हात असतो, त्यामुळे तो निसटत नाही आणि आरसे, हँडल, बंपर इथे सोपा पडतो. पण बोटांच्या टोकांखाली दाब जास्त येतो. पॅडवर दाब तळहातभर सारखा पसरतो, म्हणून बोनेट, टप आणि दारांसाठी ते चांगलं. फक्त ते हातातून पडतं. जमिनीवर पडलेलं पॅड किंवा मिट त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही, झटकून नाही आणि धुऊनही नाही. स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या उंच गाड्यांसाठी दांड्याचा मॉप घेण्याचा मोह होतो. दांड्याने आपण किती दाबतोय ते हाताला कळत नाही. त्यापेक्षा एक भक्कम स्टूल बरं.

घेताना आणखी थोडं तपासा. शिवण आणि लेबल आतल्या बाजूला हवं. बाहेर असेल तर लेबल उसवून काढा, कात्रीने कापलं की उरलेली कड आणखी टोचते. मनगटाच्या पट्टीला प्लास्टिकचं बटण किंवा चिकटपट्टी नको. रंग फिका निवडा, म्हणजे मळ दिसतो. गडद लाल किंवा निळा असेल तर आधी कोमट पाण्यात भिजवून रंग सुटतो का बघा. शंका असेल तर जुनी सीडी घ्या, चकचकीत बाजूवर मिट भिजवून आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरवा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. तिथे ओरखडे उठले तर तो मिट रंगावर नको. नवा मिट वापरण्याआधी एकदा धुवायचाच, सुटे धागे तेव्हाच निघून जातात.

एक भारी मिट घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे तीन घ्या: एक वरच्या भागासाठी, एक दारांच्या खालच्या तृतीयांश भागासाठी आणि बंपरसाठी, एक चाकांसाठी. शक्यतो वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे गफलत होत नाही. चाकांवर ब्रेकची धूळ असते आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. तो मिट रंगाजवळ यायलाच नको.

आता वापरण्याबद्दल, कारण चांगला मिटही चुकीच्या हातात ओरखडे पाडतो. गाडी सावलीत लावा आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. मग मिटला हात न लावता वरून खाली भरपूर पाणी मारा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल पत्र्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा. फेस मारून ४–५ मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचा नाही. मग पुन्हा पाणी. कोकणातली जांभ्याची तांबडी माती किंवा पुण्यातल्या बांधकामांची धूळ असेल तर ही पायरी दोनदा करा. जितकी कच इथे जाईल तितकी मिटच्या वाट्याला कमी येईल. समुद्रकाठचा खारेपणा मात्र नुसत्या पाण्यात विरघळून जातो, तो घासायची गरज नाही.

बादल्या दोन हव्यात, १० ते १५ लिटरच्या. एकीत गाडीचा पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, जास्त नाही. दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी कच अडवणारी जाळी असेल तर उत्तम; नसेल तर मिट तळाला लागू देऊ नका. भांड्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरली तर रंगावर लावलेलं संरक्षक वॅक्स जातं. पावडरीत न विरघळलेले कणही राहतात.

मिट शाम्पूत भिजवून टपापासून सुरुवात करा. नुसत्या मिटच्या वजनाने, सरळ रेषेत, पुढे-मागे. दाबून काही निघत असेल तर ते अजून भिजलेलं नाही असं समजा. अर्धा बोनेट किंवा एका दाराचा वरचा भाग झाला की मिट उलटा करा; दुसरी बाजूही वापरून झाली की साध्या पाण्यात बुडवून बोटांनी धागे मोकळे करा, जाळीवर घासा, पिळा आणि मगच पुन्हा शाम्पूत. साधं पाणी गढूळ झालं की बदला. क्रम असा: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, मग दुसरा मिट घेऊन दारांचा खालचा भाग आणि बंपर. पक्ष्यांची विष्ठा, किडे, डांबर मिटने घासायचं नाही. विष्ठेवर आणि किड्यांवर ओलं कापड पाच मिनिटं ठेवा आणि नुसतं उचला. डांबरासाठी टार रिमूव्हर.

पाण्याची टंचाई असलेल्या सोसायटीत दुसरी पद्धत सोयीची. १० लिटर पाण्यात विनाधुणीचं द्रावण घाला. १:२५६ प्रमाण दिलं असेल तर साधारण ४० मिलिलिटर होतं. त्यात पाच-सहा छोटी मायक्रोफायबर कापडं किंवा पॅड बुडवून ठेवा. प्रत्येक भागाला कापडाची नवी बाजू, आणि वापरलेलं कापड परत बादलीत नाही. एका बादलीत गाडी होते. चिखलाने भरलेल्या गाडीला मात्र ही पद्धत लावू नका, आधी पाणी हवंच.

मॅट रंगाला हीच साधनं चालतात, फक्त दाब आणखी कमी. वॅक्स असलेला शाम्पू टाळा, कारण मॅट भाग ठिपक्या-ठिपक्यांनी चकचकीत दिसायला लागतो. गाडीवर स्टिकर किंवा फिल्म असेल तर तिच्या कडेवरून लांब केसांचा मिट उलटा ओढू नका, कड सुटते.

वापर झाल्यावर मिट वाहत्या पाण्याखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मायक्रोफायबर महिन्यातून एकदा मशीनमध्ये घालता येतो: ३०–४० अंश, पातळ डिटर्जंट, सोबत सुती कपडे नाहीत, कारण त्यांचा कापूस धाग्यांत अडकतो. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की धागे पाणी आणि मळ धरत नाहीत. ब्लीचही नको. लोकर कोमट पाण्यात शाम्पूने हाताने धुवा आणि हवेत टांगा. कोरडं झाल्यावर झाकणाच्या डब्यात. डिकीत उघडं टाकलेलं मिट धूळ गोळा करून पुढच्या आठवड्यात तीच गाडीवर फिरवतं.

राहिला रोज गाडी पुसणाऱ्याचा प्रश्न. एकाच बादलीत दहा गाड्या आणि एकच फडका असेल, तर रविवारी कितीही जपून धुतलं तरी उपयोग नाही. त्याला रंगाला हात लावू नकोस असं सरळ सांगा. रोज फक्त काचा आणि नंबर प्लेट, त्यासाठी तुमचं वेगळं कापड द्या. टायर पुसायचा असेल तर त्यालाही वेगळं कापड. जाड धूळ साचली असेल तर पुसण्यापेक्षा तशीच ठेवायला सांगा.