वाळवंटातून आणलेला दगड ओळखताय? या चुका टाळा

जैसलमेर-कच्छ करून आलेली नाशिककर मंडळी बाकरवडीच्या डब्यातून हमखास एक दगड काढतात. काळा, जड, गुळगुळीत. "उल्काच आहे ना हो?" उत्तर ठरवूनच आलेले असतात, आपण फक्त मान डोलवायची.

पुरावा सगळ्यांचा एकच: चुंबक चिकटतं. अहो, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जा, पात्रातला कुठलाही काळा दगड उचला आणि दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याजवळ न्या. बहुतेक वेळा तिथेही ते हलेल. आपला बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतातच. बहुतेक उल्कांकडे चुंबक ओढलं जातं हे खरं, पण ओढलं गेलं म्हणून उल्का, हे गणित उलटं झालं. मी आधी रेघ काढून बघतो. चहाच्या कपाच्या बुडाला जिथे चकाकी नसते, तिथे दगड जोरात घासायचा. विटकरी लाल रेघ उठली तर हेमॅटाइट हे लोहखनिज, काळी उठली तर बहुधा मॅग्नेटाइट. ताजी उल्का सहसा रेघच सोडत नाही. दगडात बुडबुड्यांची छिद्रं दिसली तर आशा सोडा. तो लाव्हा असेल, नाहीतर भट्टीतली मळी. आणि ते ताकदवान निओडिमियम चुंबक दगडावर फिरवू नका. चुकून खरी उल्का निघाली, तर तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद, म्हणजे ती घडली तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची खूण, पुसून जाते.

दुसरी चूक बघून तर डोकंच फिरतं: ॲसिडने धुणं. सिडकोतल्या एका पोराने जैसलमेरचा पिवळसर दगड आणला होता. फोटोत एका कडेला जीवाश्म झालेल्या शिंपल्याच्या बारीक उभ्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. त्याला बजावलं, आहे तसा घेऊन ये. पण धीर कुठला! संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये रात्रभर बुडवला. सकाळी हातात आला तो नुसता खड्ड्याखड्ड्यांचा ठोकळा, रेषा साफ गेलेल्या. वर हा उत्साहात, "काका, फेस काय आला होता!" येणारच. जैसलमेरचा पिवळा दगड म्हणजे चुनखडी, ज्युरासिक काळी तिथे समुद्र होता, आणि ॲसिड चुनखडी खातं. साधं पाणी आणि जुना टूथब्रश, बास. चुनखडीची शंका असेल तर मागच्या बाजूला सुईने जरासं खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा एक थेंब टाका आणि भिंगातून बुडबुडे येतात का बघा.

बाहेरच्या काळ्या रंगावर भाळू नका. वाळवंटात दगडांवर लोह-मँगनीजचा पातळ थर चढतो, त्याला डेझर्ट व्हार्निश म्हणतात; आत काहीही असू शकतं. आधीच टवका उडालेली कड शोधा, हातोडी नको.

फोटोत शेजारी नाणं ठेवा. तेल चोळून चमकवू नका. कुठे सापडला ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा. मोबाइल ॲप नुसता फोटो बघून बोलतं, त्याच्या नादी लागू नका. जैसलमेरजवळच्या आकलच्या उद्यानातली जीवाश्म झालेली खोडं बघायची असतात, उचलायची नसतात.

एवढं करूनही वर पातळ काळं कवच, छिद्रं नाहीत, रेघ नाही आणि हाताला जड, असा दगड उरला तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातला उल्कांचा संग्रह त्यांच्याकडे कोलकात्याला आहे. व्हॉट्सॲपवर कोटींचा भाव सांगून आधी 'टेस्टिंग फी' मागणारा भेटला, तर नंबर ब्लॉक करा.