चेक बाउन्स: नोटीस काढताना

बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटता परत आल्याची चिठ्ठी) हाती पडला की त्यावर मिळाल्याची तारीख लगेच लिहा. तिथपासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 ची नोटीस गेलीच पाहिजे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा.

घोळ होतो तो रकमेत. चेक 1,50,000 चा असेल तर मागणीही तेवढीच, आकड्यात आणि अक्षरात. व्याज, नोटीस खर्च वेगळ्या परिच्छेदात. टायपिंगची चूक म्हणून सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय. जुन्या नोटिशीवर नवी बेतणाऱ्यांनी तर आकडा दोनदा वाचावा.

नोटीस पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस. ते सरले की महिन्याभरात फिर्याद. त्याआधी नको, मुदतपूर्व ठरते. चेक खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलंच कोर्ट.