वॉकर म्हणजे चालणारा नव्हे: इंग्रजी आडनावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

मुलतानी माती माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. तेल ओढून घेते म्हणून चेहऱ्याला लावायची, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. या मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात, बऱ्याच पाकिटांवर तसं छापलेलंही असतं, पण हा फुलर कोण असा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलाच नव्हता. पडला तेव्हा त्याच्या मागे दोन आडनावं आणखी निघाली, टकर आणि वॉकर. तिन्हींचा धंदा एकच, काम तेच, फक्त ज्या गावात जो शब्द चालायचा तो तिथल्या माणसाला चिकटला. आणि याच तीन आडनावांबद्दल इतकं चुकीचं लिहिलं आणि फॉरवर्ड केलं जातं की शेवटी बसून लिहायचं ठरवलं.

आधी काम समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल असतं, जाळीदार, वर मेंढीची चरबी आणि सूत काढताना लावलेलं तेल. ते तसंच अंगावर घातलं तर वाराही अडणार नाही. मग ते डोणीत टाकायचं, पाणी, ही माती आणि शिळं मूत घालायचं (मुतातल्या अमोनियामुळे तेल सुटतं) आणि तासन् तास पायांनी तुडवायचं. त्याने चरबी निघते, लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि घट्ट होतं. घरी कुणी लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात वॉशिंग मशीनला लावून पोराच्या मापाचा करून ठेवला असेल तर तेच झालंय, फक्त इथे ते मुद्दाम आणि मापात करायचं असतं. नंतर कापड लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. त्या आकड्यांना टेंटरहुक म्हणतात, आणि जीव टांगणीला लागणे या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार त्यांच्यावरूनच आला.

या तुडवणाऱ्याला दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये फुलर म्हणायचे, नैऋत्येला टकर, मध्य आणि उत्तर इंग्लंडमध्ये वॉकर.

आता चुका.

सगळ्यात मोठी चूक, आजची डिक्शनरी उघडून अर्थ लावणे. वॉक म्हणजे चालणे, म्हणून वॉकर म्हणजे चालणारा, म्हणजे निरोप्या असेल, टपाल नेणारा असेल, गस्त घालणारा असेल. मी स्वतः फार पूर्वी एका छोट्या लेखात हेच लिहिलं होतं, निरोप्या म्हणून, आणि छापून आल्यावर कळलं तेव्हा दुरुस्ती करायला जागाच उरली नव्हती, त्याचं मला आजही वाईट वाटतं. खरं असं आहे की जुन्या इंग्रजीत वेआल्कन या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता, त्यावरून वेआल्केरे म्हणजे कापड तुडवणारा. त्याच क्रियापदाला चालणे हा अर्थ नंतर, मध्ययुगात चिकटला. म्हणजे आडनाव जुन्या अर्थावर थांबलं आणि शब्द पुढे निघून गेला. गैरसमज पक्का करायला जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा ढांगा टाकत चाललेला माणूसही आहे. ते चित्र 1908 मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने काढलं, नावावरचा श्लेष म्हणून छानच आहे, पण किल्मार्नॉकच्या दुकानदार जॉन वॉकरच्या आडनावाचा चालण्याशी काही संबंध नाही.

टकरचं तसंच. टक म्हणजे दुमडणे, चुण्या घालणे, म्हणून टकर म्हणजे शिंपी असं लिहिलेलं मी बघितलंय. जुन्या इंग्रजीतल्या तुकियन या शब्दाचा अर्थ होता छळणे, हाल करणे. कापडाचे जे हाल व्हायचे ते बघता शब्द बरोबर बसतो. फ्रेंचमधल्या 'तू कर' म्हणजे 'संपूर्ण मन' यावरून टकर आलं ही गोष्टही कुटुंबाकुटुंबांत सांगतात, ऐकायला गोड आहे पण तिला आधार नाही. आणि ऑस्ट्रेलियात टकर म्हणजे जेवण, ती बोलीतली वेगळी गोष्ट, तिचा आडनावाच्या उगमाशी संबंध जोडू नका.

फुलरबद्दलची चूक आपल्याकडची आहे आणि ती समजण्यासारखी आहे. बायबलमध्ये मार्कच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुणाही फुलरला तशी करता येणार नाहीत असं 1611 च्या इंग्रजी भाषांतरात आहे, आणि मराठीत त्या जागी परीट आलाय. मराठी वाचकासाठी तो शब्द योग्यच, कारण मुद्दा शुभ्रतेचा आहे. पण त्यावरून फुलर आडनाव म्हणजे धोबी असं धरलं की गाडी चुकीच्या रुळावर जाते. धोबी वापरलेले कपडे धुतो. फुलर नवं कापड विकण्यालायक करतो, तो कापड बनवण्याच्या साखळीतला कारागीर आहे, विणकर आणि रंगारी यांच्या ओळीतला. आणि गरीबच असायचा असंही नाही. एक्झिटर शहरात टकर्स हॉल नावाची इमारत अजून उभी आहे, 1471 मधली, विणकर, फुलर आणि कापडाची लव कातरणारे यांच्या गिल्डची, म्हणजे कारागिरांच्या संघाची. नैऋत्येतलं शहर असल्यामुळे इमारतीचं नाव टकर, हे लक्षात घ्या. लंडनमध्ये 1528 ला फुलर आणि कातरणारे यांचे दोन गिल्ड एकत्र होऊन क्लॉथवर्कर्स कंपनी झाली आणि पुढे सतराव्या शतकातला प्रसिद्ध डायरीवाला सॅम्युएल पीप्स तिचा मास्टर, म्हणजे प्रमुख होता.

नकाशाची चूक मात्र जरा नीट बघू, कारण हल्ली आडनाव टाकलं की नकाशा रंगवून देणाऱ्या साइट्स झाल्यात आणि लोक त्यावरून भराभर निष्कर्ष काढतात.

टकर डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलकडे दाट दिसतात. फुलर ससेक्स, केंट, सफोक, नॉर्फोक या पट्ट्यात. वॉकर यॉर्कशर, लँकशर, डर्बीशर असे वर वर, आणि स्कॉटलंडमध्येही भरपूर. हे बघून लोक म्हणतात की बघा, यॉर्कशरमध्ये हा धंदा सगळ्यात जास्त होता म्हणून वॉकर जास्त. पण लोकरीचं कापड तर तिन्ही पट्ट्यांत होत होतं. डेव्हनमध्ये होत होतं, सफोकमध्येही होत होतं. नकाशा तुम्हाला धंदा कुठे होता हे सांगत नाहीये, तो कुठे कुठला शब्द बोलला जायचा हे सांगतोय. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीभाषांच्या सीमा माणसांच्या नावांत अडकून राहिल्यात, रेल्वे आली, गिरण्या आल्या, लोक लंडनला गेले, दोन महायुद्धं झाली तरी पुसल्या नाहीत, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त भुरळ घालणारी गोष्ट हीच आहे. गावांच्या नावांतही तेच दिसतं. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गाव आहे. स्कॉटलंडात वॉकमिल नावाची ठिकाणं आहेत. वेल्समध्ये कापड तुडवणाऱ्या चक्कीला पँडी म्हणतात, टोनीपँडी या गावात तोच शब्द.

चक्कीवरून आठवलं, बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये हे काम पाण्याच्या जोरावर व्हायला लागलं. आपली संभाजीनगरची पाणचक्की पीठ दळायची, ही कापड कुटायची, चाक फिरलं की जड लाकडी हातोडे वरखाली. टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या मालमत्तेच्या 1185 च्या नोंदींत अशा चक्क्या सापडतात. त्यामुळे 'वॉकर होता म्हणजे आयुष्यभर डोणीत उभा राहून पाय चालवायचा' असं सरसकट लिहू नका, चौदाव्या शतकातला वॉकर बहुतेक चक्कीवरच असणार.

नकाशाबद्दल आणखी एक. नुसती संख्या बघू नका, लोकसंख्येच्या प्रमाणात बघा. लंडनमध्ये प्रत्येक आडनाव भरपूर सापडतं कारण लंडनमध्ये माणसंच भरपूर. शिवाय आजचा नकाशा उगम दाखवत नाही, त्यासाठी 1881 ची जनगणना वापरतात कारण ती पूर्ण उपलब्ध आहे आणि तोपर्यंत ग्रामीण भागातली आडनावं बऱ्यापैकी जागच्या जागी होती. 1890 मध्ये आडनावांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री गपी यांनी तर फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली, कारण शेतकरी जमीन सोडून फार हलत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

पुढची चूक आपल्या डोळ्यांनी इंग्लंडकडे बघितल्याने होते. आपल्याकडे धंदा, जात आणि आडनाव यांची वीण इतकी घट्ट की वॉकर म्हणजे वॉकरांची जात असावी, बाप तुडवणारा, मुलगा तुडवणारा, लग्नही त्यांच्यातच, असं मनात येतंच. तसं नव्हतं. बाराव्या ते चौदाव्या शतकात माणसाला ओळखायला धंद्याचं टोपणनाव लावायचे आणि तेच हळूहळू मुलांना, नातवंडांना चिकटून आडनाव झालं, दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा. चिकटल्यावर धंदा सुटला तरी नाव तसंच. 1413 मध्ये इंग्लंडात कायदाच झाला की कोर्टाच्या काही कागदांत माणसाचा धंदा किंवा दर्जा आणि गाव वेगळं लिहायचं. नुसत्या आडनावावरून धंदा कळत असता तर असा कायदा कशाला लागला असता? म्हणून 1700 मधला कुणी फुलर सापडला तर त्याचा धंदा फुलिंग लिहून मोकळे होऊ नका, कागदात काय लिहिलंय ते बघा.

सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद ही समजूतही सोडा. प्रत्येक मोठ्या गावात एक तरी कापड तुडवणारा होता, त्यामुळे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमवर काम केलं, त्यात दिसलं की स्मिथसारख्या फार कॉमन आडनावाच्या पुरुषांमध्ये नातं आडनाव वेगळं असलेल्यांपेक्षा फारसं जास्त नसतं, आणि दुर्मीळ आडनावांमध्ये मात्र खूप असतं. वॉकर पहिल्या प्रकारचं आडनाव आहे. त्यात आणखी भेसळ. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं गेलिक आडनाव माक अन उखकदर, अर्थ तुडवणाऱ्याचा मुलगा, त्याचं इंग्रजीत वॉकर करून टाकलं. जर्मनमध्येही वाल्कर म्हणजे हाच कारागीर, ते अमेरिकेत जाऊन वॉकर झाले. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाणच आहे, तिथून काहींना मिळालं असेल. आयर्लंडमधले काही टकर मुळात ओ तूअखर या आयरिश घराण्यातले.

अमेरिकेचा आकडा बघताना तर जास्तच जपून. 2010 च्या तिथल्या जनगणनेत 5 लाखांच्या वर वॉकर आहेत आणि त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. बऱ्याच घरांत हे नाव गुलामीच्या काळात मालकाचं म्हणून किंवा मुक्तीनंतर निवडून आलेलं आहे. त्यांच्या पूर्वजांना यॉर्कशरच्या डोणीत उभं करणं हे नुसतं चूक नाही, त्यांच्यावर अन्याय आहे. केसांच्या तेला-मलमांच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचं जन्मनाव साराह ब्रीडलव्ह, वॉकर हे नवऱ्याचं. कुणाच्याही बाबतीत आधी नाव कुठून आलं ते बघायचं, मग अर्थ.

आणि हो, 'वॉकर घराण्याचं मानचिन्ह' म्हणून कॉफीचे मग आणि फ्रेम विकतात ते घेऊ नका. इंग्लंडात मानचिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही.

आपल्याकडच्या कागदांत ही तिन्ही आडनावं भेटतात, आणि तिथेही घाई होते. मुंबई हायकोर्टाची 1878 मध्ये पूर्ण झालेली इमारत कर्नल फुलर यांच्या आराखड्याची. बडोद्याचे रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर, ज्यांच्या नावाने 1807 ची काठेवाडच्या खंडणीची व्यवस्था ओळखली जाते. आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही ख्रिस्ती संस्था घेऊन 1882 मध्ये मुंबईत उतरलेले फ्रेडरिक टकर. आता नकाशा लावून वॉकर म्हणजे यॉर्कशरचे म्हणाल तर चुकलात, ते स्कॉटलंडमधल्या फाइफचे. टकर जन्मले बिहारमध्ये मुंगेरला, आणि लग्नानंतर तर ते बूथ-टकर झाले, कारण बायकोचं माहेरचं आडनाव पुढे जोडून घेतलं. नकाशा हजारो लोकांबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल नाही.

मग एका माणसाचं शोधायचं कसं? आजपासून मागे जायचं, मधली पिढी गाळायची नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै 1837 पासून आहे, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून, त्याच्या मागे इंग्लंडच्या चर्चची रजिस्टर, जी 1538 च्या हुकुमाने सुरू झाली पण सगळीकडे टिकलेली नाहीत. माणूस हिंदुस्थानात जन्मला किंवा वारला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघा, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं मुंबई इलाख्याची वेगळी लावलेली आहेत. शोधताना स्पेलिंग सैल ठेवा, टकरचं टूकर, टोकर झालेलं असतं, आणि फुलर व फाउलर यांची गल्लत करू नका, फाउलर म्हणजे पारधी, पक्षी धरणारा. आणि डेव्हनच्या एखाद्या चर्चमध्ये 1600 च्या सुमाराचा वॉकर हाती लागला तर तिथेच थांबा, कारण त्या भागात त्याला टकर म्हटलं असतं. तो किंवा त्याचा बाप-आजा बहुतेक बाहेरून आलेला आहे, पुढचा शोध उत्तरेकडच्या रजिस्टरांत घ्या.