मूत्राशयाच्या स्लाइडवर मास्ट सेल मोजताना

लघवीच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही आणि रुग्ण मात्र दुखण्याने हैराण असतो, अशा वेळी मूत्राशयाच्या बायॉप्सीत मास्ट सेल, म्हणजे दाह घडवणाऱ्या रसायनांचे कण पोटात बाळगणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, शोधायला सांगतात. पेशी मोजून आकडा कळवणं सोपं आहे. पण ती पेशी कोणत्या थरात आहे आणि कणांनी भरलेली आहे की ते सोडून रिकामी झालेली, हे लिहिलं नाही तर डॉक्टरांच्या हाती अर्धंच उत्तर जातं. नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून हेच सांगते.

कारण इथे दाह पेटवण्यात मज्जातंतूंचाही हात असतो. त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी हे संदेशवाहक रसायन सुटतं, त्याने शेजारची मास्ट सेल चेतते आणि हिस्टामिन, ट्रिप्टेज, टीएनएफ ही दाहाची रसायनं बाहेर टाकते. ट्रिप्टेज उलट त्याच मज्जातंतूंना जाऊन डिवचतं आणि चक्र सुरू राहतं. उंदराच्या शेपटीच्या बुडाशी स्नायूत स्यूडोरेबीज हा मज्जातंतूंमधून पसरणारा विषाणू टोचला, तर मूत्राशयाला हातही न लावता तिथे दाह होतो. अशा उंदरांत दुखणं मुख्यतः हिस्टामिनमुळे, तर मूत्राशयाचं आतलं अस्तर सैल पडणं टीएनएफमुळे, असं दिसून आलं आहे. दुखणं आणि इजा यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता काम. सेक्शन 5 मायक्रॉनचे कापा, मेण नीट काढा आणि 0.1 टक्के टोल्युडिन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात 2 ते 3 मिनिटं ठेवा. द्रावणाचा पीएच 2 ते 2.5 च्या दरम्यान हवा. तो वर गेला की मागची सगळी ऊती गडद निळी होते आणि पेशी त्यात हरवतात, म्हणून पीएच दर वेळी तपासा. नंतर अल्कोहोलमधून झटपट काढा, रेंगाळलात तर जांभळा रंग उतरतो. सोबत त्वचेची एक कंट्रोल स्लाइड हवीच.

1878 मध्ये पॉल एर्लिक यांनी या पेशी ओळखल्या त्या अशाच रंगाच्या खुणेवरून: बाकी सगळं निळं, मास्ट सेलचे कण तेवढे जांभळट लाल. भरलेली पेशी इतकी गच्च असते की केंद्रक जेमतेम दिसतं. रिकामी होत असलेल्या पेशीची कड विस्कटते, आजूबाजूला सुटे जांभळे कण विखुरतात आणि मधलं केंद्रक उघडं पडतं. फाइन फोकस हळूहळू फिरवून पाहा, एका पातळीवर हे कळत नाही. चिमट्याने तुकडा दाबला गेला तरी पेशी अशाच फुटतात, त्यामुळे चेचलेल्या कडेवरून काहीही ठरवू नका.

मोजणीसाठी आयपीसवरचा फील्ड नंबर बघा; त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा, म्हणजे फील्डचा, व्यास मिमीमध्ये मिळतो. तो 20 असेल तर 40 च्या ऑब्जेक्टिव्हखाली फील्डचा व्यास 0.5 मिमी आणि क्षेत्रफळ सुमारे 0.2 चौरस मिमी. म्हणजे 5 फील्ड मोजली की जवळपास एक चौरस मिलिमीटर होतो. अस्तराखालचा थर आणि डिट्रूसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू, वेगवेगळे मोजा. डिट्रूसरमध्ये दर चौरस मिलिमीटरला 28 पेक्षा जास्त पेशी असतील, तर मास्ट सेल वाढल्याचं धरलं जातं. तुकड्यात स्नायू आलाच नसेल, तर तसं स्पष्ट लिहा.

अस्तराजवळच्या मास्ट सेल फॉर्मॅलिनमध्ये जास्त वेळ राहिल्या तर टोल्युडिन ब्लू घेत नाहीत. तिथे ट्रिप्टेजची अँटिबॉडी वापरा. लगतच्या सेक्शनवर एस-100 या प्रथिनाची अँटिबॉडी लावली की मज्जातंतू उठून दिसतात. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून, मज्जातंतूला चिकटून किती पेशी आहेत आणि त्यातल्या किती फुटल्या आहेत, ते रिपोर्टमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.